एका दिव्याची तसबीर

कामगाराच्या घरात त्याचा एकट्याचा फोटो बहुधा ओळखपत्रावरचाच असतो. तो गेल्यावर तोच मोठा करून हार घालतात. कपाळ चकाकलेले, चेहरा सपाट. दोष माणसाचा नव्हे, कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचा. समोरचा प्रकाश सावली पुसतो, आणि चेहऱ्याला उठाव येतो तो सावलीनेच.

म्हणून आम्ही आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत एकच दिवा लावतो. खिडकी बंद, दिवसाचा निळसर उजेड दिव्याच्या पिवळ्यात मिसळला की कातडीचा रंग बिघडतो. दिवा एका बाजूस, डोळ्यांहून हातभर उंच असावा. पलीकडच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा लहान त्रिकोण उमटला की जागा साधली. या मांडणीला डच चित्रकार रेम्ब्रांट याचे नाव आहे. दिव्यापुढे झिरझिरीत पांढरे कापड ताणले तर उजेड देणारा पृष्ठभाग मोठा होतो आणि सावलीची कड मऊ पडते. (जुना तापणारा बल्ब असेल तर कापड लांबच बरे.) अंतराचा हिशेब मात्र कडक आहे: उघडा दिवा 3 फुटांवरून 6 फुटांवर नेला तर उजेड निम्मा नव्हे, चौथाई उरतो.

एका निवृत्त विणकराने विचारले, "सुरकुत्या जातील का हो?" दिवा समोर घेतला तर बऱ्याच जातील, आम्ही म्हणालो. त्याची बायको दारातूनच म्हणाली, "राहू द्या. ओळखू यायला पाहिजेत हे."