ठेकेदाराची चूक आणि सार्वजनिक संस्थेचे दायित्व : उर्से पथकर नाक्याच्या संदर्भात एक विवेचन

मावळ तालुक्यातील उर्से हे गाव महाराष्ट्राला परिचित झाले ते मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरील पथकर नाक्यामुळे. सुमारे 94.5 कि.मी. लांबीचा हा सहापदरी मार्ग महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने बांधला आणि 2002 मध्ये तो पूर्णपणे वाहतुकीस खुला झाला. 2004 मध्ये पथकर वसुली व देखभाल यांचे अधिकार 918 कोटी रुपयांच्या आगाऊ रकमेच्या मोबदल्यात पंधरा वर्षांसाठी एका खासगी कंपनीस देण्यात आले. 2020 मध्ये नव्या कराराने हेच अधिकार पुन्हा सुमारे दहा वर्षांसाठी, 8262 कोटी रुपयांना दिले गेले. याचा अर्थ असा की, उर्से येथे पथकर भरणारा प्रवासी शासकीय महामंडळाच्या रस्त्यावरून जातो. परंतु त्या रस्त्याची झाडलोट, डागडुजी, कठडे आणि दिवे यांची व्यवस्था प्रत्यक्षात दुसराच कोणी पाहत असतो. या व्यवस्थेत हयगय होऊन प्रवाशास इजा झाली, तर त्याने दाद कोणाविरुद्ध मागावी? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा अपकृत्य कायद्याच्या अंगाने विचार केला आहे.

अपकृत्य कायद्याचा मूळ नियम संस्थेस अनुकूल आहे. नोकराने कामाच्या ओघात केलेल्या चुकीबद्दल मालक जबाबदार असतो. मात्र स्वतंत्र ठेकेदाराच्या चुकीबद्दल काम देणारा सामान्यतः जबाबदार नसतो. या भेदाचे कारण नियंत्रण हे सांगितले जाते. नोकराने काय करावे व कसे करावे या दोन्ही गोष्टी मालक ठरवतो. ठेकेदारास केवळ काय करावयाचे ते सांगितले जाते, कसे करावयाचे ते तो स्वतः ठरवतो. तर्क म्हणून हा भेद स्वच्छ आहे. तथापि, सार्वजनिक कामे एकामागून एक ठेकेदाराकडे सोपविली जाऊ लागली की याच नियमाचा परिणाम विपरीत होतो : संस्था जितके काम बाहेर देईल, तितके तिचे दायित्व घटत जाते.

न्यायालयांनी ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. इंग्लंडमधील विम्बल्डन येथील नागरी मंडळाने रस्ता तयार करण्याचे काम ठेकेदारास दिले होते. त्याने मातीचा ढीग रस्त्यावर तसाच, दिव्याविना ठेवला आणि अंधारात चालणारी व्यक्ती त्यावर अडखळून जखमी झाली. 1899 च्या निर्णयात मंडळास जबाबदार धरण्यात आले. सार्वजनिक रस्त्यावर काम करवून घेताना तो रस्ता वापरणाऱ्यांना धोका उद्भवू न देण्याचे कर्तव्य मंडळाचे स्वतःचे होते. काम दुसऱ्यास देता येते, कर्तव्य देता येत नाही. यालाच हस्तांतरित न होणारे कर्तव्य असे म्हणतात. येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाची गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. संस्था ठेकेदाराच्या पापाची वाटेकरी म्हणून जबाबदार ठरत नाही, तर स्वतःचे कर्तव्य पार पडले नाही म्हणून जबाबदार ठरते. त्यामुळे ‘ठेकेदार आमचा नोकर नव्हता’ हा बचाव खरा असला तरी गैरलागू ठरतो.

2013 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व शाळेच्या संदर्भात लावले. शाळेने बाहेरच्या यंत्रणेकडून चालविलेल्या पोहण्याच्या तासात एका विद्यार्थिनीच्या मेंदूस गंभीर इजा झाली होती. स्वतःच्या देखरेखीखालील, असहाय स्थितीतील व्यक्तीची काळजी घेण्याचे काम शाळेने दुसऱ्यावर सोपविले, तरी त्यातील हयगयीबाबतचे कर्तव्य शाळेकडेच राहते, असे न्यायालयाने मानले. अभ्याससहलीसाठी खासगी बस ठरविणाऱ्या आणि उपाहारगृह ठेक्याने देणाऱ्या आपल्याकडील महाविद्यालयांनीही हा निर्णय वाचण्याजोगा आहे.

भारतातील सर्वांत बोलके उदाहरण बडोद्याचे आहे. तेथील सूरसागर तलावात महानगरपालिकेने नौकाविहाराचा ठेका दिला होता. 11 ऑगस्ट 1993 रोजी क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक प्रवासी घेतलेली नौका उलटली आणि 22 जण बुडून मरण पावले. प्रवाशांसाठी जीवरक्षक साधने नव्हती. हा दावा ग्राहक कायद्याखाली राष्ट्रीय आयोगापुढे चालला. नौका ठेकेदार चालवीत होता व सुरक्षिततेच्या अटी करारात घातलेल्या होत्या, अशी पालिकेची भूमिका होती. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ती अमान्य केली. अटी घालणे पुरेसे नाही, त्या पाळल्या जातात की नाही हे पाहणे हेही कर्तव्याचाच भाग आहे, हा या निर्णयाचा आशय. बडोद्याची पालिका ज्या 1949 च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमाखाली अस्तित्वात आली, त्याच अधिनियमाने पुणे व पिंपरी-चिंचवड येथील पालिकांचा कारभार चालत आला आहे. म्हणून हा निर्णय महाराष्ट्रास परका नाही.

अर्थात, चित्र एकरंगी नाही. राजकोटमध्ये 1975 साली रस्त्याकडेचे झाड अंगावर पडून एका पादचाऱ्याचा मृत्यू झाला. त्याच्या कुटुंबास मिळालेली भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये रद्द केली. झाड कमकुवत झाल्याचे पालिकेस ठाऊक असल्याचा पुरावा नव्हता आणि प्रत्येक झाडाची सतत तपासणी करण्याचे कर्तव्य लादणे न्यायालयास वाजवी वाटले नाही. याउलट, दिल्लीच्या चांदणी चौकातील घंटाघर कोसळल्याच्या प्रकरणात 1966 मध्ये पालिकाच जबाबदार ठरली होती, कारण सुमारे ऐंशी वर्षे जुनी इमारत पडणे हीच हयगयीची खूण मानण्यात आली. झाड आणि घंटाघर यांतील फरक माहितीचा आहे : धोका संस्थेस कळत होता का, किंवा कळावयास हवा होता का?

द्रुतगती मार्गाच्या घाटात हा प्रश्न निव्वळ पुस्तकी राहत नाही. जुलै 2015 मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून प्रवाशांचा बळी गेला. दरड हा निसर्गाचा कोप म्हणता येईल. पण ज्या उतारावरून दगड सुटतात तो उतार रस्ता काढण्यासाठी मुद्दाम कापलेला असतो. रस्त्याच्या पृष्ठभागाची देखभाल करारान्वये सवलतधारकाकडे, आणि डोंगराच्या उतारास जाळ्या बसविण्याचे भांडवली काम महामंडळाकडे, अशी विभागणी झाली, तर दोन जबाबदाऱ्यांच्या सांध्यात प्रवासी सापडतो. हस्तांतरित न होणाऱ्या कर्तव्याचे तत्त्व नेमक्या या सांध्यासाठी उपयोगी आहे. प्रवाशाने कराराची परिशिष्टे तपासून प्रतिवादी शोधावा, अशी अपेक्षा कायदा करीत नाही.

करारात सामान्यतः नुकसानपूर्तीचे कलम असते. ठेकेदाराच्या चुकीमुळे संस्थेस द्यावी लागलेली रक्कम ठेकेदाराने भरून द्यावी, असा त्याचा अर्थ. 1872 च्या भारतीय करार अधिनियमाचे कलम 124 अशा हमीस मान्यता देते. परंतु ही हमी दोन पक्षांतील आहे. जखमी व्यक्ती तिची पक्षकार नाही. म्हणून ती तिच्या हक्काआड येऊ शकत नाही. संस्थांचे कायदा सल्लागार हा मुद्दा जाणतात, तरीही उत्तरादाखलच्या पत्रात ‘सदर काम ठेकेदाराकडे असल्याने’ हे शब्द हमखास आढळतात.

कामगारांच्या बाबतीत कायदेमंडळाने हा गुंता पूर्वीच सोडविला होता. 1923 च्या कामगार भरपाई अधिनियमाच्या कलम 12 ने ठेकेदाराच्या कामगारास मुख्य मालकाकडून भरपाई मागता येत असे, आणि मालकास ती ठेकेदाराकडून वसूल करता येई. रस्त्यावरील नागरिकासाठी असे सरळ कलम नव्हते. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम 198अ आले. रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल यांची मानके न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व ओढवल्यास प्राधिकरण, ठेकेदार, सल्लागार वा सवलतधारक यांस एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र दंडाची रक्कम मोटार वाहन अपघात निधीत जमा होते. 918 कोटींच्या कराराशेजारी एक लाखाचा दंड किती धाक निर्माण करील, हे सांगावयास नको.

म्हणून मुंबई उच्च न्यायालयाच्या खड्ड्यांविषयीच्या जनहित याचिकेचे महत्त्व अधिक. 2013 मध्ये न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या या प्रकरणात 2018 मध्ये सुस्थितीतील रस्ता हा संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट झाले. ऑक्टोबर 2025 च्या आदेशाने खड्डा वा उघडे मॅनहोल यामुळे मृत्यू झाल्यास 6 लाख रुपये आणि इजेच्या स्वरूपानुसार 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरविण्यात आली. रक्कम आधी संबंधित संस्थेने द्यावयाची आणि मग दोषी अधिकारी वा ठेकेदाराकडून वसूल करावयाची, हा क्रम आदेशाचा गाभा आहे. भांडण संस्था व ठेकेदार यांनी आपसात सोडवावे; तोवर जखमीस ताटकळत ठेवू नये.

केरळमधील पालियेक्करा नाक्याच्या प्रकरणातही राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण आणि सवलतधारक परस्परांकडे बोट दाखवीत होते. रस्त्याच्या दुरवस्थेमुळे उच्च न्यायालयाने दिलेल्या पथकर स्थगितीत हस्तक्षेप करण्यास सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये नकार दिला. पथकर घेणे आणि रस्ता वापरण्याजोगा ठेवणे ही एकाच व्यवहाराची दोन अंगे ठरली.

राहतो तो पुराव्याचा प्रश्न. अपघाताचा दावा सहसा वाहनमालक व विमा कंपनी यांच्यावर दाखल होतो. रस्ता सांभाळणारी संस्था पक्षकार नसते. कठडा केव्हा तुटला, गस्तीच्या नोंदवहीत त्याची नोंद होती का, दुरुस्तीस किती दिवस लागले, ही माहिती जखमीकडे नसते, ती संस्था व ठेकेदार यांच्याच दप्तरात असते. विशेष माहितीतील गोष्ट शाबीत करण्याचा भार ती माहिती असणाऱ्यावर टाकणारा नियम जुन्या पुरावा अधिनियमाच्या कलम 106 मध्ये होता. 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने तो कायम ठेवला आहे. उर्से नाक्यापलीकडे जखमी झालेल्या प्रवाशाच्या वकिलाने गस्तीच्या नोंदवह्या हजर करण्याचा अर्ज दाव्यासोबतच द्यावा लागेल. आणि तो दोघांनाही उद्देशून असावा, महामंडळास आणि सवलतधारकासही.