कडं पडलं, खड्डा पडला नाही (आकाशातून जमिनीवर : लेखांक ६)

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून जळते लोळ एकामागोमाग सरकत गेले. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत, गावालगतच्या मोकळ्या जागेत, धातूचं भलंमोठं कडं पडलेलं लोकांनी पाहिलं. व्यास सुमारे तीन मीटर, वजन चाळीस किलोंच्या वर. पवनपारकडे अर्ध्या मीटरचा पोकळ गोळाही सापडला. चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा पृथ्वीभोवती फिरता फिरता खाली आला आणि वाटेत फुटला, त्याचे हे तुकडे, असा अंदाज अवकाश-अभ्यासकांनी तेव्हाच मांडला. पुढे इस्रोचे शास्त्रज्ञही येऊन पाहणी करून गेले.

ज्या वेगाने ते रॉकेट पृथ्वीभोवती फिरत होतं तो होता सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास. या हिशेबाने सिंदेवाहीहून नागपूर वीस सेकंदांच्या आत यावं. एवढ्या वेगाची वस्तू गावाशेजारी उतरली आणि जमीन जवळपास जशीच्या तशी राहिली. इथून सरळ रेषेत तीनशेहून अधिक किलोमीटर पश्चिमेला लोणार आहे. तिथेही आकाशातूनच काही आलं होतं, आणि त्याने काळ्या बसाल्टमध्ये १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पाडला. हा फरक कशामुळे, ते या आठवड्यात पाहू.

पहिलं उत्तर आपल्या डोक्यावरच्या हवेत आहे. हवा हलकी वाटते, पण जमिनीच्या एका चौरस मीटरवर उभा असलेला हवेचा सगळा स्तंभ तोलला तर तो दहा टन भरतो. वरून येणाऱ्या वस्तूला ही हवा बाजूला ढकलतच यावं लागतं. वस्तूचं चौरस मीटरमागचं वजन या दहा टनांपेक्षा खूप जास्त असेल, तर हवा तिला फारशी रोखू शकत नाही. कमी असेल, तर तिचा मूळचा वेग वाटेतच संपतो आणि उरलेलं अंतर ती कुठल्याही सामान्य वस्तूसारखी नुसती खाली पडते. लाडबोरीच्या कड्याचं चौरस मीटरमागचं वजन टनांत नव्हे, किलोंतच मोजावं लागेल. त्याचा अंतराळातला वेग जमिनीच्या कितीतरी वरच संपला होता.

हाच हिशेब दगडाला लावून पाहा. दगडी उल्का पाण्याच्या सव्वातीन पट जड धरली, तर तीन मीटर जाडीच्या धोंड्याचं चौरस मीटरमागचं वजन दहा टन होतं. लोखंडी उल्केला तेवढ्यासाठी सव्वा मीटर जाडी पुरते. पण ही नुसती बरोबरी झाली. वेग टिकवायचा तर याच्या कितीतरी पट मोठं असावं लागतं, आणि वाटेत फुटून चालत नाही. दगड इथेच मार खातो. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातल्या चेल्याबिन्स्कवर आलेला धोंडा सुमारे वीस मीटरचा होता, वेग सेकंदाला १९ किलोमीटर. तो तीस किलोमीटर उंचीवरच फुटला. धक्क्याने शहरातल्या खिडक्यांच्या काचा फुटल्या, हजाराहून अधिक माणसं जखमी झाली. पण जमिनीवर विवर पडलं नाही. सर्वांत मोठा तुकडा एका गोठलेल्या तलावात गेला आणि बर्फाला काही मीटरचं भोक तेवढं पडलं.

निसर्ग मात्र आपले आडाखे नेहमी पाळत नाही. १५ सप्टेंबर २००७ रोजी पेरूमधल्या कारांकास गावाजवळ एका दगडी उल्केने तेरा-चौदा मीटर रुंदीचा खड्डा पाडला. एवढ्या लहान दगडाने हवेतच विरायला हवं होतं. गाव ३८०० मीटर उंचीवर आहे, तिथे हवा विरळ, हे एक कारण. तरीही या घटनेने अभ्यासकांना बराच काळ विचारात पाडलं, आणि मला ती म्हणूनच फार मोलाची वाटते.

आता लोणारकडे येऊ. तिथे आलेली वस्तू हवा पार करून, वेग राखून जमिनीपर्यंत पोचली. पुढे काय घडलं ते समजायला चंद्रपूरकरांनी खुल्या कोळसाखाणीतला बार आठवावा. खड्डा दारूच्या कांडीच्या आकाराचा नसतो. कांडीत साठलेली ऊर्जा क्षणात मोकळी होते आणि भोवतालचा खडक उधळते. उल्केत दारू नसते, तिची ऊर्जा वेगात असते. सेकंदाला तीन किलोमीटर वेगाच्या एक किलो दगडात एक किलो टीएनटीपेक्षा थोडी जास्तच ऊर्जा भरते. वेग १८ किलोमीटर झाला, तर तोच किलोभर दगड जवळजवळ चाळीस किलो टीएनटीच्या तोडीचा होतो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. आघाताच्या क्षणी ही ऊर्जा बारासारखीच एका जागी मोकळी होते, म्हणून वस्तू तिरपी आली तरी विवर गोलच पडतं. अगदी जमिनीला घासून आली तरच ते लांबुळकं होतं. आणि म्हणूनच लोणारच्या तळाशी ती वस्तू अख्खी सापडत नाही. ती बहुतांशी वितळली, वाफ होऊन गेली. मागे राहिला तो दाबाने बदललेला खडक. बसाल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजाची न वितळताच झालेली काच, म्हणजे मॅस्केलिनाइट, लोणारच्या खडकात ओळखली गेली आणि १९७३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातून हे विवर आघाताचं असल्याचं जगापुढे मांडलं गेलं. ज्वालामुखीत असा दाब निर्माण होत नाही.

ऊर्जा दहापट झाली म्हणून विवर दहापट होत नाही. रुंदी साधारण दुप्पट होते. उडालेला खडक गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलून बाहेर टाकावा लागतो, आणि खड्डा मोठा होईल तसं ते काम फार झपाट्याने वाढतं. त्यामुळे वस्तूचा व्यास दुप्पट केला, तर वजन आठपट होऊन विवर जवळजवळ दुप्पट होतं. वेग दुप्पट केला, तर ते दीडपटच होतं. शिवाय अंतराळातून येणाऱ्या उल्केचा वेग सेकंदाला ११ किलोमीटरच्या खाली नसतो आणि ७२ च्या वर जात नाही, तर आकार मात्र वाळूच्या कणापासून डोंगरापर्यंत काहीही असू शकतो. म्हणजे विवर पडणार की नाही, हे जमिनीशी उरलेल्या वेगावर ठरतं. पडलंच तर किती मोठं, हे मुख्यतः वस्तूच्या आकारावर. विवर साधारणपणे वस्तूच्या दहा ते वीस पट रुंद असतं. त्यावरून लोणारची वस्तू शंभर मीटरच्या आगेमागे असावी.

जमिनीचा प्रकार, खडकातलं पाणी यांनीही फरक पडतो, पण तो वेग आणि आकार या दोन गोष्टींपुढे कमी. खोलीचं मात्र वेगळं आहे. ताज्या, साध्या विवराची खोली रुंदीच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असते. लोणारला ती साडेतीनशे मीटर भरायला हवी. आज काठापासून आतल्या तळ्यापर्यंत दीडशेच्या आसपास मिळते. बाकीची खोली गाळाने आणि आत पडलेल्या फुटक्या खडकाने भरून काढली आहे. तळ्यात घेतलेल्या बोअरमध्ये सुमारे शंभर मीटर गाळ लागला आणि त्याखाली तो फुटका खडक. मध्य प्रदेशात शिवपुरी जिल्ह्यातलं ढाला विवर लोणारच्या कितीतरी पट रुंद आहे. तिथे खोलगट वाटी उरलेलीच नाही, उलट मधोमध जमीन उंच आहे. तसं का होतं, ते पुढच्या लेखांकात.