वैद्यकीय शिक्षणातील समता : प्रवेशानंतरचा प्रश्न

आपल्या समाजातील एखादा मुलगा वा मुलगी एमबीबीएसला लागली की राजारामपुरीच्या गल्ल्यांतून पेढे वाटले जातात. सोसायटीच्या कार्यक्रमात ग्रंथ व पुष्पगुच्छ देऊन सत्कार होतो, आई-वडिलांना व्यासपीठावर बोलावले जाते. हे सारे योग्यच आहे. परंतु सत्कारानंतर चार महिन्यांनी त्या विद्यार्थ्याचे काय चालले आहे याची चौकशी आपण किती जण करतो?

आमच्या माहितीतील एका मुलीने पहिल्या सत्रातच वडिलांना फोन करून सांगितले, "मला न्यायला या." अभ्यास जड गेला म्हणून नव्हे. वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात तिला नाव विचारण्याआधी "नीटला रँक किती?" असे विचारण्यात आले होते. जात थेट विचारणे आता असभ्य मानले जाते. म्हणून रँक विचारायची आणि जात ताडायची, अशी ही नवी रीत आहे. रँक कळल्यावर जेवणाच्या टेबलावरची जागाही बदलते, हे तिला आठवडाभरात समजले. महाविद्यालयाचे नाव येथे देण्याचे कारण नाही. ही रीत एका महाविद्यालयापुरती नाही.

कोल्हापूरकरांनी हा विषय दुसऱ्यांकडून शिकावा असे नाही. 26 जुलै 1902 रोजी राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला, हे आपणांस पाठ आहे. पण महाराज नुसता हुकूम काढून थांबले नाहीत, याकडे आपले लक्ष कमी जाते. जागा राखली तरी ती भरण्यासाठी शिकलेला माणूस हवा, शिकण्यासाठी शहरात राहायला हवे, आणि राहायला जागा कोण देणार? म्हणून 1901 पासून एकामागून एक वसतिगृहे निघाली. 1908 साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले. 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वांच्या शाळांत बसविण्यात आले, आणि सरकारी दवाखान्यांत अस्पृश्य रुग्णांना इतरांप्रमाणेच वागणूक मिळाली पाहिजे असाही हुकूम सुटला. नोकरी, निवास, वर्ग आणि दवाखाना ही चारही ठिकाणे महाराजांनी एकाच साखळीच्या कड्या मानल्या. आज आपण पहिल्या कडीवर भांडतो आणि बाकीच्या तीन विसरतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

स्वतंत्र भारतात राखीव जागांचा पहिला मोठा घटनात्मक झगडा वैद्यकीय महाविद्यालयाच्या दाराशीच झाला. मद्रास प्रांतात प्रवेशासाठी जातवार जागा वाटून देण्याची पद्धत होती. चंपकम दोराईराजन या महिलेने त्याविरुद्ध दाद मागितली आणि 1951 साली सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत रद्द केली. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम 15 मध्ये चौथे उपकलम आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा कायदामंत्री होते. आज अनुसूचित जाती, जमाती व मागासवर्गीयांना शिक्षणसंस्थांत जागा राखता येतात, त्याचा एक मुख्य आधार हेच उपकलम आहे.

बौद्धांची वाट यातही लांबची ठरली. महाराष्ट्र राज्याने 1960 साली नवबौद्धांना सवलती दिल्या, परंतु केंद्राच्या यादीत धर्मांतरित बौद्धांचा समावेश होण्यास 1990 साल उजाडले. मधल्या तीस वर्षांत बौद्ध म्हणून नोंद असलेल्या विद्यार्थ्यांना राज्यात सवलत होती, केंद्राच्या संस्थांत नव्हती. कित्येकांनी कागदावर धर्म न लिहिण्याची तडजोड केली, त्यांना दोष देणे आम्हांस योग्य वाटत नाही. बारावीतील विद्यार्थ्यांनी मात्र एक गोष्ट आजच पाहून ठेवावी. बौद्ध म्हणून मिळणाऱ्या दाखल्यावर मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख असावा लागतो. राज्याच्या कोट्यासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील दाखला लागतो. निकाल लागल्यावर या कागदांसाठी धावपळ करणारे पालक आम्ही दरवर्षी पाहतो.

आता त्या "रँक किती?" या प्रश्नाकडे येऊ. त्यामागे एक गैरसमज आहे व तो आपल्या मुलांच्या मनातही घर करून बसतो. राखीव जागेमुळे बदलते ती प्रवेशाची रेषा. प्रवेशानंतर शरीररचनाशास्त्राच्या पेपरात उत्तीर्ण होण्यास लागणारे गुण सर्वांना सारखेच असतात. साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमात आणि वर्षभराच्या आंतरवासितेत कोणालाही जातीची सूट नाही. शिवाय खुल्या यादीत बसण्याइतके गुण मिळविणारा आपला विद्यार्थी खुल्याच जागेवर धरला जातो. "कमी गुणांचे डॉक्टर" ही ओरड करणाऱ्यांना हे ठाऊक नसते, किंवा ठाऊक असूनही सोयीचे नसते.

दार उघडले तरी आतले वातावरण बदलतेच असे नाही, याचा सरकारी पुरावाही आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी 2006 साली समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते प्रा. सुखदेव थोरात, अमरावती जिल्ह्यातील खेड्यातून पुढे आलेले अर्थतज्ज्ञ. 2007 साली आलेल्या अहवालात वसतिगृहांचे चित्र विशेष बोलके होते. त्रासाला कंटाळून अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी खोल्या बदलत ठराविक मजल्यांवर एकत्र आले होते. देशातील सर्वांत नामवंत वैद्यकीय संस्थेत, एकविसाव्या शतकात, गावकुसाबाहेरची वस्ती इमारतीच्या मजल्यावर तयार झाली! तोंडी परीक्षा, शिक्षकांचे सहकार्य, खेळ यांबाबतही विद्यार्थ्यांच्या तक्रारी होत्या. संस्थेने हे निष्कर्ष मान्य केले नाहीत.

मे 2019 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या, आदिवासी समाजातील डॉ. पायल तडवी यांनी जीवन संपविले. वरिष्ठ सहकाऱ्यांकडून जातीवरून छळ झाल्याचा आरोप होऊन खटला दाखल झाला. त्यांची आई आणि रोहित वेमुला यांची आई या दोघींनी मिळून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. दोघींची मागणी नव्या कायद्याची नव्हती. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2012 साली समतेसाठी नियम केले होते, प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष व भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी असावा असे त्यांत म्हटले होते. ते नियम प्रत्यक्षात आणा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

समतेचा प्रश्न जातीपुरता नाही. 2024 साली महाराष्ट्रातीलच ओमकार गोंड या विद्यार्थ्याला वाचादोषाच्या टक्केवारीवरून एमबीबीएस नाकारण्यात आले. न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला की केवळ टक्केवारीचा आकडा पाहून अपात्र ठरवता येणार नाही, विद्यार्थी प्रत्यक्षात अभ्यासक्रम पुरा करू शकतो का हे तपासले पाहिजे. त्याला प्रवेश मिळाला. मराठी माध्यमातून आलेल्यांची अडचण आणखी वेगळी. ज्याला हाडांची नावे इंग्रजीतून प्रथमच भेटतात तो वर्गात गप्प बसतो, आणि त्याचे गप्प बसणे म्हणजे अज्ञान असे समजले जाते. 2019 च्या नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीलाच पायाभूत वर्ग ठेवून त्यात भाषेची तयारी घेण्याची सोय झाली. हे वर्ग मनापासून घेतले जातात की हजेरीपुरते, हे त्या त्या शिक्षकांवर अवलंबून असते.

आपल्या शहरात सीपीआर रुग्णालयाला जोडलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याला राजर्षी शाहू महाराजांचेच नाव आहे. तेथे व इतरत्र जाणाऱ्या आपल्या मुलांना आमचे सांगणे आहे की, समान संधी कक्षाचे अधिकारी कोण, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या. काही घडल्यास तारीख, वेळ, शब्द वहीत लिहून ठेवा. तक्रार लेखी द्या व तिची पोच घ्या. वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजनेचा अर्ज करा. भाड्याची खोली शोधताना आडनाव ऐकून घरमालकाचा आवाज बदलला, तर लाजून परत फिरू नका, आम्हांला कळवा.

आरंभी सांगितलेल्या मुलीचे वडील तिला आणायला निघाले होते. आम्ही त्यांना एक दिवस थांबविले आणि त्याच महाविद्यालयातून शिकून गेलेल्या आपल्या एका डॉक्टरबाईंना फोन केला. त्या रविवारी बाई स्वतः वसतिगृहात गेल्या, मुलीसोबत जेवल्या आणि दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर लेखी अर्ज घेऊन अधिष्ठात्यांच्या कार्यालयात बसल्या. खोली बदलून मिळाली, दोघींना समज देण्यात आली. मुलगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. यंदा प्रवेश मिळालेल्या आपल्या चार विद्यार्थ्यांचे दूरध्वनी क्रमांक तिने स्वतःहून मागून घेतले आहेत.