डब्यावरची चिकटपट्टी

नायजेरियात जोस नावाचं शहर आहे. पठारावर वसलेलं, देशाच्या इतर भागांपेक्षा थंड हवेचं. तिथल्या एका टीव्ही रिले केंद्राच्या कोठीत १६ मिलिमीटर फिल्मचे डबे कित्येक वर्षं धूळ खात पडले होते. फिलिप मॉरिस नावाच्या इंग्रज माणसाने त्या डब्यांवरची धूळ हाताने पुसली. खाली मास्किंग टेपचा तुकडा होता आणि त्यावर लिहिलं होतं 'डॉक्टर हू'. त्या क्षणी आपल्या काळजाचा ठोका चुकला, असं मॉरिस यांनी नंतर सांगितलं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वर्तमानपत्र खाली ठेवून थोडा वेळ गप्प बसलो होतो. नव्वदच्या दशकात मुंबईतल्या एका स्टुडिओच्या टेप लायब्ररीत मी कामाला होतो. डब्यावरच्या पट्टीवर केवढं काय अवलंबून असतं, हे मी तिथे शिकलो. आमच्याकडे बीटाकॅम कॅसेटच्या कण्यावर एकावर एक लेबलं चिकटवलेली असत. वरचं लेबल नखाने खरवडलं की खालून आधीच्या कार्यक्रमाचं नाव डोकावायचं, त्याच्याखाली आणखी एक. टेपचा तुटवडा पडला की वरून चिठ्ठी यायची: इतक्या टेपा मोकळ्या करून द्या. मग मनगटावरचं घड्याळ काढून लांब ठेवायचं, कारण इरेजरच्या चुंबकाने घड्याळ बिघडतं, आणि एकेक कॅसेट त्या गुणगुणणाऱ्या यंत्रावरून गोल फिरवायची. दहा-पंधरा सेकंदांचं काम. मी किती पुसल्या ते मोजलं नाही. पण एका लोककलावंताची मुलाखत पुसल्याचं आठवतं. तो माणूस पुढच्याच वर्षी गेला, आणि त्याचा मुलगा ती टेप मागायला आमच्या दारात आला होता. म्हणून बीबीसीने 'डॉक्टर हू' पुसली ही गोष्ट मी कुणाकडे बोट दाखवून सांगू शकत नाही. ज्यांनी ती पुसली, ते माझ्याच जातकुळीचे लोक होते.

बीबीसीची ही विज्ञान-काल्पनिक मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. पहिल्या कथेचे दिग्दर्शक होते लखनौत जन्मलेले वारिस हुसेन, तेव्हा जेमतेम चोविशीचे. पहिल्या सहा वर्षांत कृष्णधवल असे २५३ भाग झाले. हे भाग दोन इंची व्हिडिओ टेपवर ध्वनिमुद्रणासह साठवले जात. ती टेप महाग होती आणि पुन्हा वापरता येत होती. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुना कार्यक्रम वाटेल तितक्या वेळा दाखवता येत नसे. त्यात रंगीत टीव्ही आला आणि काळ्या-पांढऱ्याला गिऱ्हाईक उरलं नाही. घरी व्हिडिओवर लोक जुन्या मालिका विकत घेऊन बघतील, हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. एका विभागाने टेपा पुसल्या. परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्मच्या प्रती दुसऱ्या विभागाकडे होत्या, त्यांनी हक्कांची मुदत संपली म्हणून त्या निकालात काढल्या. सगळं जपायची जबाबदारी एका कुणाची नव्हती. १९७८ मध्ये सू माल्डेन यांनी संग्रहाची जबाबदारी घेतली, तेव्हा कुठे हा प्रकार थांबत आला. त्याच वर्षी इयन लेव्हिन या चाहत्याने बीबीसीच्या गोदामात डालेकांच्या पहिल्या कथेच्या प्रती नष्ट करण्यासाठी बांधून ठेवलेल्या पाहिल्या आणि मध्ये पडून त्या वाचवल्या. डालेक म्हणजे या मालिकेतले सगळ्यांत गाजलेले शत्रू. त्यांची पहिली कथाच भंगारात जायला निघाली होती.

परदेशी पाठवलेल्या प्रतींचा प्रवास मात्र वेगळा झाला. एका देशाने दाखवून झालं की डबे पुढच्या देशाला पाठवायचे, नाहीतर परत करायचे, नाहीतर नष्ट करून तसं लेखी कळवायचं, असा रिवाज होता. हे सगळीकडे काटेकोरपणे पाळलं गेलं असतं, तर आज हातात काहीच नसतं. कुठल्या तरी केंद्रावर कुणीतरी म्हणालं असेल, राहू दे तिथेच, बघू नंतर. त्या 'बघू नंतर'चे आपल्यावर फार उपकार आहेत. १९९१ च्या अखेरीस हाँगकाँगच्या एका वाहिनीकडे 'द टूम ऑफ द सायबरमेन' या कथेचे चारही भाग सापडले. काही महिन्यांत, मे १९९२ मध्ये, ते व्हीएचएसवर बाजारात आले आणि विक्रीच्या यादीत वर जाऊन बसले. मॉरिस यांनी हीच वाट धरली. कुठली प्रत कुठे गेली याचे जुने कागद धुंडाळत ते आफ्रिकेतली आणि इतर देशांतली केंद्रं पालथी घालत होते.

जोसला सापडलेल्या डब्यांत एकूण ११ भाग निघाले. त्यातले ९ जगात कुठेच शिल्लक नव्हते. हरवलेल्या भागांचा आकडा १०६ वरून ९७ वर आला. दोन कथा होत्या: 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड' आणि 'द वेब ऑफ फिअर'. दोन्ही डॉक्टरची भूमिका करणाऱ्या पॅट्रिक ट्रॉटन यांच्या, डिसेंबर १९६७ ते मार्च १९६८ या काळात लागोपाठ दाखवलेल्या.

'एनिमी'बद्दल सविस्तर सांगायलाच हवं. या सहा भागांच्या कथेतला फक्त तिसरा भाग तोवर उपलब्ध होता. तो बघून दोन पिढ्यांनी ठरवून टाकलं होतं की कथा रटाळ आहे. तिसऱ्या भागात बंद खोल्या आहेत, एक कुरकुरणारा आचारी आहे आणि डॉक्टर फारसा दिसतच नाही. २०१३ मध्ये पहिला भाग डोळ्यांसमोर आला, आणि सगळे थक्क झाले. समुद्रकिनारा, लांब अंतर्वस्त्रांनिशी लहान मुलासारखा पाण्याकडे धावणारा डॉक्टर, मागे लागलेलं हॉवरक्राफ्ट, वरून उतरणारं हेलिकॉप्टर! ससेक्समधल्या लिटलहॅम्प्टनजवळच्या किनाऱ्यावर हे चित्रण झालं होतं. दिग्दर्शक बॅरी लेट्स यांची ही या मालिकेतली पहिलीच कथा. लेखक डेव्हिड व्हिटेकर यांनी डॉक्टर आणि जगाचा हुकूमशहा होऊ पाहणारा सॅलमँडर हे दोघे एकसारखे दिसणारे कल्पिले होते, आणि दोन्ही भूमिका ट्रॉटन यांनीच केल्या. दोघे एकाच चौकटीत समोरासमोर दिसावेत म्हणून लेट्स यांनी बऱ्याच जागा आखल्या होत्या. अर्धी चौकट झाकून एकदा चित्रण करायचं, फिल्म मागे घ्यायची, उरलेल्या अर्ध्यात पुन्हा करायचं. फिल्म यंत्रातच अडकली आणि बेत आवरता घ्यावा लागला. तरीही सॅलमँडर म्हणून ट्रॉटन चालतात कसे, खांदे कसे टाकतात, नजर कशी थंड करतात, ते बघताना हा तोच माणूस आहे हे विसरायला होतं. एवढं काम एका आचाऱ्याच्या भागावरून जोखलं गेलं! लेट्स २००९ मध्ये गेले. ट्रॉटन तर त्याच्याही आधी, १९८७ मध्येच. आपल्या कथेचं नाव पुन्हा उजळलेलं दोघांनाही बघायला मिळालं नाही. ही गोष्ट मला अजून टोचते.

'वेब ऑफ फिअर' लंडनच्या भुयारी रेल्वेत घडते. बोगद्यांत यंत्रमानव-यती फिरतायत आणि सगळीकडे कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी पसरत चाललंय. खऱ्या स्थानकावर चित्रण करायचं तर रेल्वेवाल्यांनी भाडं भरमसाट सांगितलं, तेही मध्यरात्रीनंतरच्या मोजक्या तासांसाठी. मग नेपथ्यकार डेव्हिड मायर्सकॉ-जोन्स यांनी स्टुडिओतच बोगदे आणि फलाट उभे केले. ते इतके हुबेहूब वठले की प्रसारणानंतर रेल्वेवाल्यांनी, तुम्ही परवानगीशिवाय आमच्या हद्दीत शिरलात, अशी तक्रार केली, हा किस्सा मालिकेची मंडळी वर्षानुवर्षं सांगत आली. एखाद्या नेपथ्यकाराला याहून मोठी पावती कुठली मिळणार!

याच कथेत प्राध्यापक ट्रॅव्हर्सची भूमिका जॅक वॉटलिंग यांनी केली. डॉक्टरची सोबतीण व्हिक्टोरिया झाली होती त्यांची सख्खी मुलगी डेबोरा. पडद्यावर ओळखीचे लोक, घरी बाप-लेक. दुसऱ्या भागात डॉक्टरच दिसत नाही, कारण त्या आठवड्यात ट्रॉटन रजेवर होते. तेव्हा मालिका जवळजवळ वर्षभर दर शनिवारी चाले. कलाकाराला सुट्टी द्यायची तर त्याचं पात्र आठवडाभर कुठेतरी बेशुद्ध पडायचं, नाहीतर हरवायचं.

डबे सापडल्याची बातमी बरेच दिवस गुप्त ठेवली होती. कुजबुज मात्र सगळीकडे होती. १० ऑक्टोबर २०१३ रोजी लंडनला पत्रकारांना बोलावून घोषणा झाली. डेबोरा वॉटलिंग आणि डॉक्टरचा साथीदार जेमी झालेले फ्रेझर हाइन्स दोघेही हजर होते. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं आपलंच काम ते बघत होते. जॅक वॉटलिंग २००१ मध्ये गेले होते, लेकीला वडील पुन्हा पडद्यावर भेटले. त्याच मध्यरात्री दोन्ही कथा आयट्यून्सवर आल्या. 'एनिमी'ची डीव्हीडी २५ नोव्हेंबरला आली, म्हणजे मालिकेच्या पन्नाशीनंतर दोनच दिवसांनी. 'वेब'ची २४ फेब्रुवारी २०१४ ला.

डीव्हीडीच्या मागे जे हात राबतात त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. जुनी टेप गेली आणि उरली ती फिल्म. फिल्म म्हणजे काय, तर मॉनिटरसमोर कॅमेरा लावून काढलेलं चित्राचं चित्र. मूळ व्हिडिओत सेकंदाला ५० वेळा चित्र ताजं व्हायचं, फिल्मवर २५ च चौकटी उरल्या. त्यामुळे मूळची सळसळ जाते आणि सगळं जरा जड वाटतं. या मालिकेच्या जुन्या भागांवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या मंडळींनी 'व्हिडफायर' नावाची पद्धत वापरली. दोन चौकटींच्या मधली हालचाल संगणकाने भरून काढायची, म्हणजे चित्र पुन्हा थेट प्रक्षेपणासारखं जिवंत होतं. त्याआधी ओरखडे, धुळीचे ठिपके, उड्या मारणारे सांधे एकेक करून काढायचे. बघणाऱ्याला हे काम दिसत नाही. ते दिसलं नाही म्हणजे नीट झालं.

आता 'वेब'च्या तिसऱ्या भागाकडे येतो. मॉरिस यांच्या म्हणण्यानुसार जोसला 'वेब'चे सहाही डबे होते. पण ते लंडनला पोचेपर्यंतच्या काळात तिसऱ्याचा पत्ता लागेना. तो कुणा खासगी संग्राहकाच्या हाती गेला असावा, असं त्यांचं मत. आणि हा कुठलाही भाग नव्हे. कर्नल लेथब्रिज-स्ट्युअर्ट हे पात्र पुढे ब्रिगेडियर म्हणून अनेक वर्षं मालिकेत राहिलं, लोकांच्या घरातलं झालं. त्याचा चेहरा पडद्यावर पहिल्यांदा दिसला तो याच भागात. निकोलस कोर्टनी यांची निवड आधी कॅप्टन नाइटच्या भूमिकेसाठी झाली होती. कर्नल व्हायचा नट ऐन वेळी सुटला आणि दिग्दर्शक डग्लस कॅमफील्ड यांनी कोर्टनींना बढती दिली. तीच बढती त्यांना जन्मभर पुरली, आणि तिचाच भाग हाती नाही.

डीव्हीडीवर तिसरा भाग आहे, पण स्थिर छायाचित्रांतून. त्या काळी जॉन क्यूरा नावाचे गृहस्थ टीव्हीच्या पडद्यासमोर कॅमेरा लावून बसत. एका भागाची साठ-सत्तर बारीक छायाचित्रं काढत आणि नटांना, दिग्दर्शकांना विकत. आपलं काम कसं दिसलं हे दाखवायला त्यांच्याकडे दुसरं साधनच नव्हतं. आवाज मिळाला तो चाहत्यांकडून. घरी टीव्हीला टेपरेकॉर्डर लावून, बाकीच्यांना गप्प बसवून मुलांनी तो टिपून ठेवला होता. हरवलेल्या एकूण एक भागाचा आवाज आज आहे, तो या पोरांमुळे. २०२१ च्या आवृत्तीत या भागाचं ॲनिमेशन केलंय. मी मात्र छायाचित्रांचाच भाग लावतो.

दिवे घालवून बसायचं. बोगद्यातली पावलं ऐकू येतात, पण पाय हलत नाहीत. कोर्टनींचा आवाज येतो, चेहरा गोठलेला. पंचवीस मिनिटं असंच. मग चौथा भाग सुरू होतो आणि माणसं पुन्हा हलू लागतात. थोड्या वेळाने कर्नल आपली तुकडी घेऊन रस्त्यावर येतो. जागा कॉव्हेंट गार्डनची, तिथे अजून भाजीबाजार भरत असतानाची. यती चारी बाजूंनी चालून येतात, सैनिक एकेक करून पडतात. शेवटी एकटा कर्नल परततो, दारात उभा राहतो, आणि कोर्टनींच्या चेहऱ्यावरचा धक्का हळूहळू उतरताना दिसतो.