शुश्रूषा करणाऱ्यांची दमणूक

कर्करोगाच्या उपचारांत रुग्ण व परिचारिका यांचा सहवास दोन-चार दिवसांचा नसतो. केमोथेरपीसाठी रुग्ण दर दोन-तीन आठवड्यांनी, कित्येक महिने येत राहतो. त्याचे घर, मुलांच्या परीक्षा, शेतीच्या अडचणी तिला ठाऊक होतात. असा रुग्ण दगावला, तरी त्याच पाळीत तिला पुढील रुग्णाकडे प्रसन्न मुद्रेने जावे लागते. दुःख करण्यास सवड नसते. ते साचत जाते.

अशा साचलेल्या ताणातून येणाऱ्या अवस्थेस ‘बर्नआउट’ म्हणतात. मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ साली या संज्ञेची शास्त्रीय मांडणी केली. पुढे १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक व सुझान जॅक्सन यांनी तिच्या मापनाची प्रश्नावली प्रसिद्ध केली. भावनिक थकवा, रुग्णाविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काहीच साध्य होत नाही ही भावना, अशी तीन अंगे तीत तपासली जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात यास रोग न मानता व्यवसायाशी निगडित स्थिती म्हटले आहे. म्हणून उपायही केवळ परिचारिकेच्या मनोबलात न शोधता कामाच्या रचनेत शोधावयास हवा.

याचा रुग्णाशी थेट संबंध आहे. लिंडा एकन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत, दर परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांतील मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी, तर परिचारिकेच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली आढळली. कर्करोग कक्षात तर काही औषधे शिरेबाहेर झिरपल्यास भोवतालच्या मांसपेशी जळतात. पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाचा साधा तापही प्राणघातक ठरू शकतो. हे वेळीच ध्यानी येण्यास थकलेले नव्हे, सावध डोळे लागतात.

पुरेसे मनुष्यबळ, पाळीत हक्काची विश्रांती, रुग्णाच्या निधनानंतर मन मोकळे करण्यास समुपदेशक, ही या प्रश्नाची साधी उत्तरे आहेत. नातेवाइकांनी रागाच्या क्षणीही सिस्टरांशी सौजन्याने बोलावे, एवढीच विनंती. दात्यांना एक नम्र निवेदन : यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते, रात्रपाळीतील एका जादा परिचारिकेवर ती लावता येत नाही. तरीही त्या रात्री रुग्णाच्या उशाशी आपलेच दान उभे असते.