धार लावा, पण पाण्यावर

मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांविषयी लिहिताना भोपळ्यांची, तुनीच्या लाकडाची आणि जवारीची चर्चा भरपूर होते. ही कला ज्यांनी उभी केली ते मूळचे शिकलगार होते, ही गोष्ट मात्र सहसा एका वाक्यात आटोपते. तलवारी-कट्यारींना धार आणि झिलई देणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. शस्त्रांची मागणी ओसरली, तसे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांसारखे कारागीर वाद्यांकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे ही परंपरा आहे. वाळका भोपळा न तडकू देता कापणे किंवा तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी, हव्या त्या जाडीपर्यंत तासत आणणे हे सारे पटाशी आणि रंध्याच्या धारेवर अवलंबून असते. पोलादाची नस ओळखणाऱ्यांच्या हातून ते जमले, यात मला योगायोग वाटत नाही. धार लावणे ही या मुलखात एकेकाळी स्वतंत्र विद्या होती. आज सातारा-सांगलीत बहुतेक अवजारे कोरड्या, वेगवान ग्राइंडरवर धरली जातात. माझे म्हणणे असे की, ज्या हत्याराच्या धारेवर पिकाचे किंवा कारागिरीचे मोल ठरते, ते हत्यार संथ फिरणाऱ्या ओल्या दगडावरच पाजवले पाहिजे आणि त्याची सोय गावागावांत व्हायला हवी.

कोरड्या ग्राइंडरवर नेमके काय बिघडते ते आधी पाहू. लोहार पोलाद तापवून लाल करतो आणि पाण्यात बुडवतो, तेव्हा ते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा हलके तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. साध्या कार्बन पोलादाच्या हत्यारांसाठी ही दुसरी आच साधारण २०० अंश सेल्सियसच्या आसपास असते. पुढे कधीही त्या पोलादाला याहून बरीच जास्त उष्णता लागली, की त्याचा कठीणपणा उतरतो. ३०० अंशांच्या सुमारास पात्याच्या काठावर निळा डाग दिसतो. तो दिसला म्हणजे तिथले पाणी उतरले. सहा इंची दगडाचा ग्राइंडर मिनिटाला सुमारे २,८०० फेरे घेतो, म्हणजे दगडाचा काठ सेकंदाला २२ मीटर वेगाने पात्यावर घासतो. चार इंची हातग्राइंडरची चकती ११,००० फेऱ्यांवर सेकंदाला ५७ मीटरच्याही पुढे जाते. धारेचा काठ हा पात्याचा सर्वांत पातळ भाग. उष्णता पसरायला तिथे धातूच नसतो, त्यामुळे तो डोळ्याची पापणी लवायच्या आत तापतो. अशा हत्याराची धार पहिल्या दिवशी उत्तम वाटते, कारण काठ टोकदार झालेला असतो. दोन दिवसांत ती बसते. मालक म्हणतो लोखंड खराब निघाले, आणि पुन्हा ग्राइंडरवाल्याकडे जातो. नरम झालेला भाग घासून काढताना आणखी थोडे पोलाद तापते, आणि चार हंगाम टिकायचे पाते वर्षभरात झिजून जाते.

ओल्या दगडाचे यंत्र याच्या नेमके उलट चालते. या प्रकारातले नावाजलेले यंत्र म्हणजे स्वीडनचे टॉर्मेक. तिथल्या टॉर्गनी यान्सन यांनी १९७३ मध्ये ही कंपनी सुरू केली. त्यांच्या मोठ्या यंत्राचा २५० मिलिमीटर व्यासाचा दगड मिनिटाला सुमारे ९० फेरे घेतो आणि त्याचा खालचा भाग पाण्याच्या पन्हळीत बुडालेला असतो. काठाचा वेग येतो सेकंदाला जेमतेम १.२ मीटर, म्हणजे टेबलावरच्या ग्राइंडरच्या अठरा-एकोणीस पटींनी कमी. पाते तापतच नाही, आणि घासून निघालेली भुकटी पाण्यात बसते. याहून महत्त्वाचा आहे तो समोरचा दांडा. त्यावर हत्यार पकडीत बसवून कोन बांधून घेता येतो. पटाशीला २५ अंश हवे असतील, तर दर वेळी २५ अंशच मिळतात आणि दर वेळी केसभरच पोलाद जाते. दुसऱ्या बाजूला चामड्याचे चाक असते. त्यावर लेप लावून फिरवले, की काठावर उभी राहिलेली बारीक किनार निघून जाते. तत्त्व जुनेच आहे. कुरुंदाच्या दगडावर पाणी शिंपडत विळा पाजवणारी आजी हेच करत होती. यंत्राने त्यात स्थिर कोन आणि वेळेची बचत आणली, इतकेच.

आता तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या द्राक्षपट्ट्याकडे वळू, कारण या युक्तिवादाचा खरा कस तिथे लागतो. तास-ए-गणेश हा थॉमसन द्राक्षातून निवडलेला वाण तासगावचाच, आणि सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले. या बागांची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलची खरड छाटणी आणि पुढे ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी. नऊ बाय पाच फुटांवर लागण असेल, तर एकरात सुमारे ९७० वेली बसतात. वेलीला पंचवीस-तीस काड्या धरल्या, तर एका फळछाटणीत एकरी पंचवीस हजारांवर काप होतात. प्रत्येक काप ही एक जखम आहे. धारदार कात्री काडी सरळ छेदते. बोथट कात्री आधी ती चेपते, साल फाडते आणि मग तोडते. चेपलेला भाग जास्त खोलवर वाळतो आणि सावकाश भरून येतो. खोड वाळवणाऱ्या बुरशी छाटणीच्या जखमांतूनच शिरतात, हे जगभरच्या द्राक्षशास्त्रात पक्के ठरलेले आहे, आणि परतीचा पाऊस बागेत असताना त्यांना वाट मोकळी मिळते. डॉगरिज खुंटावर पाचर कलम करतानाचा चाकू तर याहून नाजूक बाब. खुंट आणि काडीचे काप आरशासारखे सपाट नसतील, तर दोन्ही साली जुळत नाहीत आणि कलम बसत नाही.

छाटणीच्या कात्रीची रचनाही समजून घ्यायला हवी. तिचे एक पाते कापते. दुसरे आकड्यासारखे जाड असते आणि काडी धरून ठेवते. कापणाऱ्या पात्याला धार फक्त बाहेरच्या बाजूने असते, आतली बाजू सपाट ठेवायची असते. घाईच्या ग्राइंडरवर दोन्ही बाजू घासल्या जातात, मग पाते आणि आकडा यांत फट पडते आणि काडी तिथे अडकून चिरडते. धारेसाठी कात्री सोडवावी, पाते वेगळे करावे, उताराच्या बाजूनेच दगडावर धरावे आणि सपाट बाजूवरून फक्त किनार काढावी. वीस-पंचवीस जणांची टोळी दिवसभर छाटत असते, तिथे मनगटावर पडणारा ताणही या धारेवर ठरतो.

यावर पहिला आक्षेप किमतीचा येईल, आणि तो रास्त आहे. परदेशी बनावटीचे चांगले यंत्र एकट्या छोट्या शेतकऱ्याने किंवा सुताराने घ्यावे, असे मी सुचवणार नाही. दुसरा आक्षेप कसबी माणसाचा असतो: ग्राइंडरवर धरताना दर दोन सेकंदांनी पाते पाण्यात बुडवले, तर काही बिघडत नाही. मुरलेल्या हाताला हे साधते. पण निळा डाग पडल्यावर पाण्यात बुडवून गेलेला कठीणपणा परत येत नाही, आणि छाटणीच्या तोंडावर शंभर कात्र्यांची रांग असताना हात मुरलेला असला तरी घाई होतेच. तिसरा आक्षेप असा की प्रत्येक हत्याराला एवढे लाड कशाला? तो मला मान्य आहे. खुरपे, कुदळ, टिकाव यांना कानस पुरते. ऊसतोडणीचा कोयता तोडकऱ्याला फडातच पुन्हा पुन्हा पाजवावा लागतो. तिथे यंत्र न्यायचे म्हणणे व्यर्थ आहे. मिरजेचा वाद्यकारागीर रोजची धार हाताच्या दगडावरच लावणार आणि त्याने तेच करावे. कोन बिघडला किंवा काठ तुटला, तरच त्याला यंत्र लागेल. हायस्पीड पोलादाची पाती पाचशे अंशांपर्यंत टिकतात, त्यांना कोरडा ग्राइंडर फारसा बाधत नाही. उरतात त्या छाटणीच्या कात्र्या, कलमाचे चाकू, पटाश्या, रंध्याची पाती, कडबाकुट्टीची पाती. ओल्या यंत्राचा हक्क एवढ्यांवरच आहे. पाण्याने गंज चढतो, हेही खरे. पण पाते पुसून तेलाचे बोट फिरवणे आणि काम संपल्यावर पन्हळ रिकामी करणे इतकाच त्याचा उपाय. दगड पाण्यात तसाच बुडवून ठेवला, तर एका बाजूने नरम होतो, हे मात्र लक्षात ठेवावे.

धार लावणाऱ्याच्या फुप्फुसांचा विचार या चर्चेत कुणी करत नाही, त्याची मला खंत वाटते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या शेफील्डमध्ये कोरड्या वालुकाश्मावर काटे घासणारे कामगार भर तारुण्यात दम्यासारख्या विकाराने मरत. ओल्या दगडावरच्या कामगारांचे आयुष्य त्यामानाने बरे असे. आजच्या कृत्रिम दगडांत वालुकाश्माइतका धोका नाही, तरी लोखंडाची आणि दगडाची धूळ उडतेच, ठिणग्या डोळ्यांत जातात आणि वेगवान चकती फुटण्याची भीती कायम असते. आठवडी बाजारात उघड्या डोळ्यांनी हातग्राइंडर चालवणारा पोरगा ही सगळी जोखीम काही रुपयांसाठी पत्करतो.

नवे यंत्र शेतकरी स्वीकारणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी कुंडलजवळची किर्लोस्करवाडी आठवावी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या त्या माळावर आपला नांगरांचा कारखाना हलवला. लोखंडी नांगराने जमीन नासते, असे तेव्हाचे शेतकरी म्हणत. फायदा रानात दिसला तेव्हा तोच नांगर त्यांनी उचलला. धारेचेही तसेच होईल. गावातल्या अवजार बँकेत ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पेरणीयंत्र असते; त्यांच्या शेजारी एक ओले धारयंत्र ठेवायला जागा आणि पैसा दोन्ही फार लागत नाहीत, आणि २०० वॅटच्या मोटारीला वीजही नगण्य लागते. हंगामात दोन-तीन गावांच्या कात्र्या एका यंत्रावर सहज निघतील आणि एखाद्या तरुणाला त्यातून रोजगारही मिळेल. द्राक्ष बागायतदार संघाने सांगली विभागात फळछाटणीपूर्वी याची प्रात्यक्षिके घ्यावीत, मिरजेतल्या वाद्यनिर्मात्यांनी एक सामाईक यंत्र घ्यावे. आणि हे होईपर्यंत वाचकांना एवढीच विनंती: तुमची कात्री किंवा पटाशी ग्राइंडरवर धरू देऊ नका. एका बाजूने भरड आणि दुसऱ्या बाजूने बारीक असा साधा दगड घ्या, पाणी शिंपडा आणि घरीच धार लावा.