अलॉय व्हीलची चमक: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गाडी सजवायला निघालेला हौशी माणूस आधी चाकांना हात घालतो. काळी, सोनेरी, आरशासारखी, निम्मी काळी निम्मी चकचकीत, हवं ते फिनिश करून मिळतं आणि त्याचे दामही चांगलेच मोजावे लागतात. दोन पावसाळे गेले की मात्र काहींच्या चाकांवर पांढरे डाग उमटतात, काहींचे पापुद्रे सुटतात, काहींची चाकं जशीच्या तशी राहतात. यात नशिबाचा भाग थोडा. चाकावर नेमका कोणता थर आहे आणि त्या थराला काय सोसत नाही, हे ठाऊक असलं की बरंचसं नुकसान टळतं.

गैरसमज: अलॉय व्हील गंजत नाही.

वस्तुस्थिती: लोखंडासारखा तांबूस गंज येत नाही, एवढंच खरं. बहुतेक ओतीव अलॉय चाकांत ॲल्युमिनियमबरोबर सुमारे 7 टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम असतं. उघड्या ॲल्युमिनियमवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप तयार होतो आणि तोच धातूला राखतो. मिठातलं क्लोराइड हा थर जागोजागी फोडतं. मग पांढरी भुकटी दिसू लागते आणि बारीक खड्डे पडतात. म्हणून अलिबाग, रत्नागिरी किंवा पणजीला समुद्रालगत उभ्या राहणाऱ्या गाडीची चाकं जळगावच्या गाडीपेक्षा जास्त जपावी लागतात. टोरांटो, शिकागोकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठच टाकतात. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी तर त्या मोसमात चाकं वरचेवर धुवायला हवीत.

गैरसमज: डायमंड कट महाग, म्हणजे सर्वांत टिकाऊ.

वस्तुस्थिती: उलट, हे फिनिश फार नाजूक. आधी चाक पूर्ण रंगवतात, मग लेथवर धरून पुढच्या भागावरचा रंग आणि धातूचा पातळ पदर कापून काढतात. जी चमक दिसते ती ताज्या कापलेल्या ॲल्युमिनियमची असते आणि तिच्यावर संरक्षण म्हणून असतो फक्त पारदर्शक लॅकर. कापामुळे आऱ्यांच्या कडा धारदार होतात आणि अशा कडांवर लॅकर पातळ बसतं.

खडी उडाली किंवा फुटपाथची कड घासली की तिथून ओलावा आणि क्षार आत शिरतात. मग लॅकरखाली धाग्यासारख्या नागमोडी पांढऱ्या रेषा सरकू लागतात. या प्रकारच्या गंजाला साधारण 65 ते 95 टक्के आर्द्रता मानवते, म्हणजे कोकणातला पावसाळा त्याला अगदी सोयीचा. तेवढ्याच जागी लॅकरचा ठिपका लावून तो थांबत नाही, कारण तो आधीच आत पसरलेला असतो. तो भाग पुन्हा कापून वरचं लॅकर नव्याने द्यावं लागतं. प्रत्येक कापात थोडा धातू जातो, त्यामुळे हा उपाय मोजक्याच वेळा करता येतो.

गैरसमज: पावडर कोटिंग किंवा क्रोम केलं की चिंता मिटली.

वस्तुस्थिती: पावडर कोटिंग खरोखर दणकट असतं. भुकटीला विद्युतभार देऊन ती चाकावर बसवतात आणि भट्टीत साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअसला वितळवून पक्की करतात. थराची जाडी बहुधा 60 ते 100 मायक्रॉन भरते. पण तो टिकतो खालच्या तयारीवर. जुना गंज, तेल, ब्रेकची काजळी नीट न काढता वरून कोटिंग चढवलं, तर काही महिन्यांत फोड येतात.

क्रोममध्ये सगळ्यात वरचा क्रोमियमचा थर एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. चाकाचं खरं संरक्षण त्याखालच्या निकेलच्या थरांवर असतं. त्यांत कुठे छिद्र पडलं आणि पाणी आत गेलं, की वेगवेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना भिडतात, ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्लं जातं आणि क्रोमचे पत्रे सुटतात.

गैरसमज: काळपट चाकाला ॲसिडच हवं.

वस्तुस्थिती: ॲल्युमिनियमला आम्लही चालत नाही आणि कडक अल्कलीही. त्याचा ऑक्साइड थर साधारण 4 ते 9 पीएचच्या दरम्यानच टिकून राहतो. बाथरूमचं ॲसिड, कॉस्टिक सोडा किंवा पितळ घासायची पावडर वापरली, तर ॲनोडाइज्ड आणि पॉलिश केलेली चाकं पाहता पाहता निस्तेज होतात. काही व्हील क्लीनरमध्ये फ्लोराइडयुक्त आम्लं असतात. ती चाकाला घातक आहेतच, पण धुणाऱ्याच्या हातांना त्याहून अधिक.

काळपटपणाचं मूळ बहुतेकदा ब्रेकच्या धुळीत असतं. पॅड आणि बिडाची डिस्क घासून निघालेले लोहकण चाकावर बसतात, ओल लागली की गंजतात आणि लॅकरमध्ये रुततात. ही धूळ साचू दिली नाही, तर गाडी धुण्याचा सौम्य शाम्पू, मऊ ब्रश आणि भरपूर पाणी पुरतं. रुतलेल्या कणांसाठी लोह विरघळवणारं, पण आम्लधर्मी नसलेलं क्लीनर मिळतं. लोहाशी संयोग झाला की ते जांभळं होतं. चाक तापलेलं असताना कोणतंही क्लीनर मारू नये, कारण ते जागीच सुकून डाग धरतं. चाकांचा ब्रश आणि बादली वेगळी ठेवावी, नाहीतर तेच लोहकण बॉनेटवर ओरखडे काढतात.

गैरसमज: सिरॅमिक कोटिंग ओरखड्यांपासून वाचवतं.

वस्तुस्थिती: हा थर फारच पातळ असतो. धूळ कमी चिकटते, धुणं सोपं जातं, इतपत त्याचा उपयोग. खडीपुढे किंवा फुटपाथपुढे त्याचा टिकाव लागत नाही.

गैरसमज: हजार तासांची मिठाची चाचणी, म्हणजे इतकी वर्षं हमखास.

वस्तुस्थिती: प्रचलित चाचणीत 35 अंशांवर 5 टक्के मिठाच्या पाण्याचा सतत फवारा मारतात. दोन कोटिंगची तुलना करायला ती उपयोगी पडते. मात्र रस्त्यावरचं ऊन, ओलं-कोरडं होणं, खडीचा मारा हे तिच्यात नसतं. त्यामुळे तासांची वर्षं करून दाखवणारी जाहिरात विश्वासार्ह नाही.

गैरसमज: फिनिश हा नुसता दिसण्याचा मामला.

वस्तुस्थिती: खरा धोका इथेच आहे. बहुतेक ओतीव चाकांना ताकद येते ती ठरावीक उष्णतोपचाराने. जुना रंग भट्टीत जाळून काढला किंवा वाकलेलं चाक गॅसच्या ज्योतीने तापवून सरळ केलं, तर ती ताकद उतरते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. जुना थर रसायनाने किंवा हलक्या ब्लास्टिंगने काढणं सुरक्षित.

दुसरी जागा नटांच्या बैठकांची आणि हबला टेकणाऱ्या मागच्या बाजूची. तिथे जाड कोटिंग राहिलं, तर ते दबतं आणि नट सैल पडतात. कोटिंगच्या वेळी हे भाग झाकायलाच हवेत. चाकं परत बसवल्यावर 50 ते 100 किलोमीटरनंतर नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासून घ्यावेत. चाकावरची जेडब्ल्यूएल ही जपानी खूणही ताकदीच्या निकषांची असते. ती मूळ चाकाला मिळालेली असते, नंतर कोणी तापवलेल्या चाकाला नव्हे.

म्हणून रंग निवडण्याआधी कारागिराला चार प्रश्न विचारावेत: जुना थर कशाने काढणार, भट्टी किती अंशांवर ठेवणार, नटांच्या बैठका झाकणार का, आणि चकाकत्या भागावर वरून काय देणार? ज्याच्याकडे याची सरळ उत्तरं नाहीत, त्याच्याकडची रंगांची यादी कितीही लांब असली तरी चाकं तिथे देऊ नयेत.